निजलीस म्हण

सातारा,
४ डिसेंबर १९९६

श्री. बाळगोंडा मगदूम, मिरज यांस,

स. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि नाटकाचे दोन पास मिळाले. ह्यांच्या माघारी तुम्ही मला पाठवलेलं हे सातवं पत्र. आधीच्या सहांना मी उत्तर दिलं नाही. कारण तुम्हाला माहीत असेल असं धरून चालते.

तुम्ही लिहिलंय, 'वहिनी, राजाराम आणि मी एकाहत्तरच्या लढाईत खंदकात काढलेल्या दिवसांवर संगीत नाटक लिहिलं आहे. नाव संगीत पहारा. सांगलीला पहिला प्रयोग आहे, तुम्ही या. नाहीच जमलं तर लोकांना कसं वाटलं ते कुणाकडून तरी ऐकून कळवा.'

मला येता आलं नाही. टेलिफोन खात्यात माणसं कमी केली आहेत, रविवारचीही ड्युटी लागते. पास मी आमच्या ऑफिसातल्या बनुबाईंना दिले. त्यांचं माहेर सांगलीचं. त्यांनी येऊन सांगितलं ते लिहिते.

नाट्यगृह निम्म्याच्या वर भरलं होतं. नांदी झाली तेव्हा म्हातारी माणसं सरसावून बसली. पडदा वर गेला तर वाळूची पोती आणि रघू, गुंडू असे दोन शिपाई. पहिलं पद रघूने गुंडूकडे बघून म्हटलं. सांगलीच्या म्हाताऱ्यांनी पुरुषांना नऊवारी नेसून नायिका झालेलं पाहिलंय. त्यामुळे मागच्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला विचारत होते, "ह्यो दुसरा लुगडं कवा नेसणार रं?"

"दुसऱ्या अंकात नेसंल."

दुसरा अंक आला तरी तो काही नेसेना. तेव्हा आजोबा म्हणाले, "व्हय रं, ह्यो असाच ऱ्हाणार वाटतं."

"मग ऱ्हाऊ दे की. गळा चांगला हाय."

याच अंकात रघू गुंडूच्या पायातला काटा काढतो. तिथे कुणीतरी म्हणालं, "लय घट्ट मैतर दिसत्यात." दुसरा म्हणाला, "मैतर? माझ्या मैतराला काटा मोडला तर मी हसतो गड्या. ह्यो बघ, फुंकर घालतोय." त्यानंतर रघू स्पष्टच म्हणतो की माझा जीव तुझ्यावर जडलाय, घरी गेलो तरी इथंच राहील. तेव्हा पाचसहा माणसं उठून गेली. त्यातल्या एकाची चप्पल सापडेना. तो खुर्च्यांखाली वाकून शोधत राहिला, आणि सापडल्यावरही पद संपेपर्यंत हातात चप्पल धरून उभा होता.

रघूच्या बायकोचं गावाकडून पत्र येतं आणि गुंडू ते मोठ्याने वाचतो, तिथे मोठा हशा झाला. म्हैस गाभण आहे, कौलं गळतात, मसाला कमी तिखट झालाय, असं काय काय त्या पत्रात आहे म्हणे. बाई साधी दाखवली आहे. बनुबाईही हसल्या.

शेवटी रघू मरताना म्हणतो त्या पदाला वन्समोअर मिळाला. दोनदा.

तुम्ही ऑर्गनवर होता. केस सगळे पांढरे झाले आहेत, आणि वाजवताना डावा खांदा अजून पूर्वीसारखाच खाली सोडता, असं बनुबाई म्हणाल्या.

कळावे.

गो. रा. खरात


सातारा,
१६ डिसेंबर १९९६

श्री. मगदूम यांस,

स. न. वि. वि.

बनुबाईंनी तुम्हाला पूर्वी कधी पाहिलेलं नाही, मग खांदा 'पूर्वीसारखाच' आहे हे त्यांना कसं कळलं, असं तुम्ही विचारलंत. बरोबर आहे. मी आले होते, आणि सुट्टीत ह्यांच्याबरोबर आमच्या घरी येऊन तुम्ही हार्मोनियम वाजवलीत ती मला आठवते. पास बनुबाईंना दिले आणि माझं तिकीट मी खिडकीवर काढलं. तुमच्या पासावर बसायचं नव्हतं.

आज गावी जाऊन आले. लढाई संपल्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून ग्रामपंचायतीत ह्यांच्या फोटोला हार घातला, वंदना झाली, मला नारळ दिला. थोरले दीर दादासो भाषणात म्हणाले, "आमचा भाऊ देशासाठी ग्येला." मी मान खाली घालून बसले होते. पहिल्यांदाच मला वाटलं की हे पूर्ण खरं नसावं. तुमच्या नाटकात पाळी गुंडूची असते. रघू त्याला उठवत नाही, झोपू देतो, आणि त्याच्या जागी उभा राहून गोळी खातो. मला सरकारी पत्र आलं त्यात 'कर्तव्यावर असताना' एवढंच होतं. पाळी कुणाची, ते नव्हतं.

मी ट्रंक कॉल जोडायच्या बोर्डावर वीस वर्षं काढली. दोघांची लाइन जोडून दिली की आपण कानाचं काढायचं, ऐकायचं नाही, हा खात्याचा नियम. तो मी कधी मोडला नाही. तुमचं नाटक बघताना मला तसंच वाटत होतं. लाइन चालू आहे, बोलणारे दोघे आहेत, आणि मला कानाचं काढता येत नाही.

आता रघू मरताना म्हणतो त्या पदाबद्दल. ते तुम्ही लिहिलंय असं जाहिरातीत आहे.

तू निजलास की मी जागा,
मी निजलो की जाग तू;
एक घोंगडं, दोन माणसं,
सकाळ झाली की सांग तू.

हे मला पाठ आहे. तुमच्या नाटकाच्या आधी पंचवीस वर्षं पाठ आहे. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत हे सोप्यात शेंगा फोडत बसले की म्हणायचे. मला वाटलं, माझ्यावर रचलंय. मी हुरळून गेले, पण दाखवलं नाही. फक्त म्हटलं, "बाईमाणसाला निजलास काय म्हणता? निजलीस म्हणा." हे हसले. म्हणाले, "पलटणीत बायका कुटं असत्यात, जिभंला सवयच न्हाई." मग निजलीस म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा निजलास. मी पुन्हा सुधारलं. सुट्टीभर तो आमचा खेळच झाला. ह्यांची चूक आणि माझी दुरुस्ती. माझ्याजवळ ह्यांचं जे काही होतं त्यात ही चूक मी सगळ्यात जपून ठेवली होती.

सांगलीला ते पद सुरू झालं तेव्हा वरून गॅलरीतून एक जण ओरडला, "निजलीस म्हण रं, निजलीस!" आणि सगळे फिदीफिदी हसले. तुमची बोटं तेवढ्यापुरती थांबली, ते मी पाहिलं. त्या माणसाचा तुम्हाला राग आला असेल. मला नाही आला. तो माझंच वाक्य बोलला होता.

ह्यांची चूक नव्हतीच, हे मला तिथे कळलं. पद तसंच होतं. दुरुस्ती चुकीची होती.

तुम्ही चौथ्या पत्रात विचारलं होतं की वहिनी, माझं काय चुकलं. आज सांगते. बहात्तरच्या मार्चमध्ये तुम्ही ह्यांची सामानाची पेटी घेऊन आमच्या दारात आलात. पेटी खाली ठेवली आणि उंबऱ्यावर बसून मोठ्याने रडलात. गल्लीतल्या बायका मला धरायला जमल्या होत्या, त्या तुम्हाला धरायला धावल्या. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. माझ्या सासूबाई चंद्राबाई, त्यांनी तर तुमचं डोकं मांडीवर घेतलं. मी चुलीपाशी उभी होते. मला रडूच आलं नाही. बायका नंतर म्हणाल्या, "पोरगी दगड हाय. त्यो परका माणूस बघा कसा रडला." तेव्हापासून गावात मी दगड आहे आणि तुम्ही माया करणारे.

माझ्याच दारात तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्याने रडलात. एवढंच चुकलं.

गो. रा. खरात


सातारा,
८ जानेवारी १९९७

श्री. मगदूम यांस,

तुम्ही माफी मागितलीत. ती ठेवून घेते, उत्तर देत नाही.

गेल्या रविवारी आटपाडीचा प्रयोग पाहिला. कुणाला सांगून गेले नाही. दोन एस.ट्या बदलून, कमरेचे काटे ढिले करून पोचले. का गेले ते विचारू नका. नाटक आवडलं असं समजू नका. तिथे माणूस मरतो आणि लोक ओरडले की उठतो, पुन्हा गातो, पुन्हा मरतो. दुसरीकडे कुठे मला तो दिसत नाही.

शाळेच्या पटांगणात, दुपारी, वर कापड लावून प्रयोग होता. खुर्च्या पुढाऱ्यांना, आम्ही बाकी सतरंजीवर. माझ्या शेजारी माणदेशी बायका होत्या, पोरंबाळं घेऊन आलेल्या. पहिल्या अंकातच त्यांना सगळं समजलं. सांगलीच्या लोकांना अर्धं नाटक लागलं, यांना दोन पदं पुरली. एक म्हणाली, "आगं, जीव हाय ह्येंचा एकमेकावर." दुसरी म्हणाली, "आसतंय आसं. आमच्या वस्तीवर दोघं गुरं राखायचे, मरंस्तवर एका ताटात जेवले." पुढे बसलेला एक माणूस मागे वळून म्हणाला, "आवं मावशे, हे घाण हाय समदं, पोरं घिऊन जा घरी." ती म्हणाली, "तुझ्या तोंडातल्या तंबाकूपेक्षा न्हाई रं घाण." सगळ्या हसल्या. तो पुढे बघून बसला.

मग पत्र आलं. गुंडूने ते उघडलं तशी मी पदर पुढे ओढून घेतला, कारण सांगलीचा हशा मला आठवत होता. रघू म्हणाला, "तू वाच. तुझ्या आवाजात घर ऐकायला बरं वाटतं." गुंडू वाचायला लागला. म्हैस गाभण आहे, आज उद्या करतेय. पश्चिमेची कौलं गळतात, तिथे घंगाळ ठेवलं आहे. मसाला यंदा कमी तिखट झाला, तुम्ही आलात की नवा करू. इथे कुणीही हसलं नाही. माझ्या शेजारची ती मावशी गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होती. पत्र संपलं तरी ती तशीच. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हस व्याली का न्हाई मग? सांगतच न्हाईत."

मी म्हटलं, "व्याली. रेडी झाली."

"तुमी आधी बघितलंया व्हय नाटक?"

"बघितलंय," मी म्हटलं.

ती म्हणाली, "ह्या दोघांचं गाणं चांगलं हाय. पर ती तिकडं घंगाळ बदलत बसली आसंल, तिला कोण गाणं दील?"

मला उठून जावंसं वाटलं. नाही गेले.

आता तीन गोष्टी विचारते. सरळ उत्तर द्या. ते पत्र माझंच आहे ना? शब्दन् शब्द माझा आहे. ह्यांनी ते तुमच्याकडून वाचून घेतलं का? ह्यांना वाचता येत होतं. दुसरं, पाळी खरंच तुमची होती का? तिसरं, शेवटी ह्यांनी ते पद खरंच म्हटलं का?

तुम्ही साताऱ्याला नऊ फेब्रुवारीला प्रयोग लावला आहे, ते कळलं. इथे काय चाललंय ते तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते. दादासो घरी आले होते, बरोबर तालमीतले आप्पासो. कलेक्टर कचेरीत द्यायला अर्ज टाइप करून आणलाय. 'सदर नाटकात आमच्या वीर जवानाचे संबंध दाखविले आहेत ते पूर्णपणे खोटे असून त्यामुळे त्याची व कुटुंबाची बदनामी होत आहे.' नाटकात नाव रघू असलं तरी तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात की हा राजाराम खरात, त्यामुळे लपलेलं काही नाही. खाली एक जागा मोकळी आहे. दादासो म्हणाले, "आमच्या अंगठ्याला कोण इचारतंय? तू बायकू हायस. तू सही केलीस की नाटक बंद." त्यांचे डोळे लाल होते. ते वाईट माणूस नाहीत. ह्यांना त्यांनी खांद्यावर घेऊन शाळेत सोडलंय.

अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे.

गो. रा. खरात


सातारा,
२२ जानेवारी १९९७

मगदूम,

दोन आठवडे झाले, उत्तर नाही. त्याऐवजी रविवारच्या पुरवणीत तुमची मुलाखत वाचली. 'राजारामच्या आयुष्यात माझ्याइतकं जवळचं कोणी नव्हतं.' बनुबाईंनी ऑफिसात मोठ्याने वाचलं आणि मग माझ्याकडे बघून थांबल्या.

बनुबाईंच्या नवऱ्याने दुसरी ठेवली आहे. ती कुठे राहते, काय नेसते, सगळं बनुबाईंना माहीत आहे. रोज डबा उघडताना तिला दोन शिव्या देतात आणि मग त्यांना जेवण जातं. मला ती सोयसुद्धा नाही. सवत या शब्दाला पुल्लिंग नाही. मी शब्दकोशात पाहिलं. मी तुम्हाला कोण म्हणू? तुम्ही मला वहिनी म्हणता, तेव्हा तुम्ही माझे भाऊजी. भाऊजी म्हणून तुम्ही माझ्या हातचा चहाही घेतलाय.

तुम्हाला अडीच वर्षं मिळाली. मला दोन सुट्ट्या मिळून अठ्ठ्याऐंशी दिवस. तुम्हाला त्यांनी पद दिलं, झोप दिली, शेवटी आपला जीव दिला. मला तुमचं वापरलेलं पद दिलं. आणि माझं पत्रही तुमच्या आवाजात ऐकलं. आता प्रत्येक गावात लोक तुमच्यासाठी रडतात आणि माझ्या म्हशीला हसतात.

तुम्ही लग्न केलं नाहीत. लोक म्हणतात, सैनिक माणूस, व्रत घेतलं. मीही पुन्हा केलं नाही. मला लोक म्हणतात, कोण करणार, दगड आहे.

मी अर्जावर सही करणार आहे. सोमवारी दादासो न्यायला येतील.

गो.


सातारा,
११ फेब्रुवारी १९९७

बाळगोंडा,

काय मायना लिहावा ते कळेना, म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

सोमवारी दादासो आले. मी पेन काढलं. 'पूर्णपणे खोटे' या शब्दांवर थांबले. बोर्डावर असताना माझ्या हातून खोटी नोंद कधी झाली नाही. कॉल लागला नसेल तर लागला नाही असंच लिहिलं. नाटक खोटं असं लिहायचं तर ते पदही खोटं. पद खोटं असेल तर सोप्यात शेंगा फोडत म्हणत होते ते काय होतं? माझं तुमच्यातूनच आलंय. तुमचं खोडलं की माझं राहत नाही. हे मला पटलं असं नाही. मला रागच आला. पण सही होईना. मी म्हटलं, "प्रयोग बघू, मग करते." दादासो म्हणाले, "बघायचं काय त्यात? आमी धा जण पुढं बसणार हाय. गाणं सुरू झालं की बंद पाडणार."

शनिवारी तुमचं पत्र आलं. तिन्ही उत्तरं वाचली.

पत्र माझंच. ह्यांनी ते आधी स्वतः वाचलं, मग तुम्हाला वाचायला दिलं, मग पुन्हा स्वतः. म्हशीचं चार वेळा वाचून घेतलं. ते मला माहीत नव्हतं.

पाळी तुमची होती. ह्यांनी उठवलं नाही.

आणि पद म्हटलं नाही. तुम्ही लिहिलंय, 'मी उठलो तेव्हा उजाडलं होतं आणि तो गार पडला होता. मला कोणी उठवलंच नाही. मरताना तो पद म्हणतो हे मी रचलं, कारण मला काहीतरी शेवटचं पाहिजे होतं. लोक वन्समोअर म्हणतात तेव्हा मला वाटतं, आता तरी मला हाक मारेल.'

हे वाचून मी स्वयंपाकघरात बसून राहिले. पंचवीस वर्षं मी समजत होते की शेवट तुमच्याजवळ आहे. तुमच्याजवळही काही नव्हतं. मला बरं वाटलं. खरं तेच लिहिते, पहिल्यांदा बरं वाटलं. वाईट नंतर वाटलं.

प्रयोग तुम्ही ऑर्गनवरून पाहिलात, मी तिसऱ्या रांगेतून. तुमची पाठ होती म्हणून प्रेक्षकांचं सांगते. दादासो आणि तालमीचे लोक पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. मागे कॉलेजची मुलं होती, त्यांना शिट्ट्या मारायच्या होत्या पण पुढची तालीम बघून मारेनात. एक निवृत्त सुभेदार बायकोला सारखे सांगत होते, "पहाऱ्यावर कुणी गात नाही, हे चूक आहे." बायको म्हणाली, "आवं, तुमी घरात तरी कुठं गाता." पत्राच्या प्रवेशाला हसू आलं, पण थोडं. दादासो हसले नाहीत. म्हशीचं ऐकून त्यांनी घडी सोडली आणि मागे वळून मला शोधलं. ती म्हैस त्यांनीच बाजारातून आणलेली.

'जीव तुझ्यावर जडलाय' याला आप्पासो उठायला लागले. दादासोंनी त्यांचा सदरा ओढून खाली बसवलं आणि म्हणाले, "गाण्याला. गाण्याला उठायचं ठरलंय."

मग गाणं आलं. रघू पडला. गुंडू घोंगडं घेऊन धावला. वन्समोअर कुणी दिला नाही. सांगलीला दोनदा मिळाला, आटपाडीला मिळाला, इथे सगळ्यांचं लक्ष पहिल्या रांगेकडे होतं. दादासो उठून उभे राहिले. पुढे काय होणार ते मला दिसत होतं. पडदा पडेल, ह्या गावात पुन्हा वर जाणार नाही, आणि ह्यांना आहे तिथेच पडून राहावं लागेल.

मी ओरडले. वन्समोअर.

माझा आवाज मोठा नाही, पण स्वच्छ आहे. खात्याने तेवढ्यासाठीच घेतलं होतं, खराब लाइनवर दिल्लीपर्यंत जायचा. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. बनुबाईंनी माझा हात धरून खाली ओढला. मी पुन्हा ओरडले. मग मागून कुणीतरी दिला, मग पोरांनी, मग त्या सुभेदारांनीसुद्धा.

आणि तो उठला. रिवाजच आहे, उठावंच लागतं. अंगावरचं घोंगडं बाजूला केलं, गुडघा टेकून बसला आणि सुरुवातीपासून म्हणायला लागला. 'तू निजलास की मी जागा.' निजलीस म्हण, असं कुणी ओरडलं नाही. मीही मनात दुरुस्त केलं नाही.

दादासो उभेच होते. तोंड उघडं, हात अर्धा वर. ओरडायचं विसरून गेले. पद संपून तो पुन्हा आडवा झाला तेव्हा ते खाली बसले. बाहेर आल्यावर माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता बोलतील. बराच वेळ चपला घालत राहिले आणि म्हणाले, "परत उठला गं त्यो."

मी म्हटलं, "हो."

"आनी यकदा वरडली आसतीस, तर?"

अर्ज या पत्रासोबत जोडला आहे. सही नाही. दादासोंनीच तुमच्याकडे पाठव म्हणून सांगितलंय. तुम्ही मात्र मुलाखतीत 'माझ्याइतकं जवळचं कोणी नव्हतं' असं पुन्हा म्हणू नका. मी वाचते.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. हेवा तर नाहीच गेला. पण मार्चमध्ये ह्या बाजूला आलात तर घरी या. चहा करीन. उंबऱ्यावर बसू नका, आत या.

गोदावरी

ता. क. एक सांगायचं राहिलं. राहिलं नव्हतं, लपवलं होतं. शेवटच्या सुट्टीचा शेवटचा दिवस. पुण्याची गाडी पहाटेची होती, आम्ही साताऱ्याच्या स्टँडवर ह्यांच्या पेटीवर बसलो होतो. मी भिंतीला टेकून डोळे मिटले होते. ह्यांना वाटलं झोप लागली. मी जागी होते. हे हळू म्हणत होते, 'तू निजलीस की मी जागा.' सुधारायला कुणी नव्हतं. स्वतःहून निजलीस म्हणाले, एकदाच. शेवटची ओळ गायली नाही. गाडी लागली तेव्हा खांद्याला हात लावून नुसतं म्हणाले, "गोदे, सकाळ झाली."

तुम्हाला कुणी उठवलं नाही म्हणून हे तुम्हाला सांगितलं. नाटकात घालू नका. ते माझं आहे.